गावचा चित्रकार

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळकरी मुलापुढे कोरा कागद आणि तेलखडूंची पेटी ठेवावी आणि ‘काढ काहीतरी’ म्हणावे. बहुधा कागदावर दोन त्रिकोणी डोंगर उमटतील, त्यांच्या फटीतून अर्धा सूर्य डोकावेल, डोंगरातून निघालेली नदी थेट कागदाच्या तळाशी येईल आणि काठावर एक कौलारू घर व एक नारळाचे झाड उभे राहील. मूल कोकणातले असो वा मराठवाड्यातले, चित्र तेच. ज्याने आपल्या गावची नदी वर्षातले आठ महिने कोरडी पाहिली आहे, त्याच्याही कागदावरची नदी बारमाही वाहते. हे दृश्य त्या मुलाने कधी पाहिलेले नसते. ते त्याला कोणीतरी गिरवायला दिलेले असते.

त्या मुलाचा हात धरून त्याला डोंगर-सूर्याच्या पलीकडे, त्याच्याच अंगणात नेऊन उभे करणारा माणूस बहुतेक गावांत असतो. तो गावचा चित्रकार. कुठे तो शाळेतला चित्रकलेचा शिक्षक असतो, कुठे पाट्या रंगवणारा पेंटर, तर कुठे मुले मोठी झाल्यावर पुन्हा कुंचला हाती धरलेली एखादी गृहिणी. त्याचे नाव कलेच्या इतिहासात येत नाही. पण गावातल्या दोन-तीन पिढ्यांना पाहायला कोणी शिकवले असे विचारले, तर त्याच्याच घराकडे बोट जाते.

त्याचे दिवस कसे जातात ते आपण सगळेच पाहतो, पण त्याकडे लक्ष देत नाही. गणेशोत्सवाची आरास त्याची. स्नेहसंमेलनाचा पडदा त्याचा. रक्तदान शिबिराचा फलक, वाचनालयाच्या वर्धापनदिनाची रांगोळी, चित्रकला स्पर्धेचे परीक्षण, सारे त्याच्याकडे. मंडळाचे कार्यकर्ते रात्री दहाला दार ठोठावतात आणि सकाळी आठपर्यंत फलक हवा असतो. पैशांची गोष्ट निघत नाही. निघालीच तर ‘तुम्ही कलावंत माणूस, तुम्हाला काय पैशाचे!’ असे म्हणून शाल आणि श्रीफळ हाती ठेवले जाते. याच समारंभाचा मांडववाला आणि ध्वनिक्षेपकवाला मात्र आगाऊ रक्कम घेऊन गेलेला असतो.

सेवा ही मनाने दिलेली गोष्ट आहे. ती गृहीत धरली की तिची वेठबिगारी होते. या दोहोंतला फरक आपल्या गावांनी फारसा मनावर घेतलेला नाही. पूर्वी निदान पाट्यांवर, दुकानांच्या फलकांवर अशा माणसाचा चरितार्थ चाले. गेल्या दोन-अडीच दशकांत फ्लेक्स आला आणि तेही काम गेले. उरली ती फुकटातली सेवा.

असे असूनही हा माणूस दोन-चार वर्षांतून एकदा प्रदर्शन भरवतो. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, जहांगीर कलादालन १९५२ पासून. पण तालुक्याच्या चित्रकाराला मुंबई लांब पडते. चित्रे चौकटीत बसवायची, गाडीभाडे भरायचे, आठवडाभर मुंबईत राहायचे, हा खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा. मग तो वाचनालयाचे सभागृह मागतो. भिंतीला खिळे ठोकायची परवानगी नसते, म्हणून दोऱ्या बांधून चित्रे टांगतो. नगराध्यक्ष फीत कापतात. अभिप्रायाच्या वहीत ‘फारच छान’, ‘अभिनंदन’ असे शेरे साठतात. विक्री होतेच असे नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? माझ्या मते त्याचे खरे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते, जेव्हा शाळेची मुले रांगेने आत येतात. त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात अस्सल चित्र कधी पाहिलेले नसते. त्यांनी पाहिलेली असतात ती दिनदर्शिकेवरची, पाठ्यपुस्तकातली, पडद्यावरची. रंगाला जाडी असते, कुंचल्याच्या फटकाऱ्याला दिशा असते, जवळून जो नुसता डाग दिसतो तो चार पावले मागे सरले की झाडाची सावली होतो, हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळते. आणि हे करणारा माणूस आपल्याच गल्लीत राहतो, हेही! साताऱ्याजवळच्या औंधचे भाग्य थोर, की तिथल्या चित्रकार राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३८ मध्ये गावात वस्तुसंग्रहालय उभारले आणि खेड्यातल्या पोराला राजा रविवर्म्याची चित्रे समोर पाहता आली. प्रत्येक गावाला असा राजा कुठून मिळणार? तिथे वाचनालयातले ते चार दिवसांचे प्रदर्शन हेच संग्रहालय.

एका गावी राहून शिकवणारा माणूस काय करू शकतो, याचे उदाहरण इंदूरने दाखवले. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी तिथल्या कलाशाळेत शिकवले. नारायण श्रीधर बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन हे त्यांचे विद्यार्थी. शिष्यांची नावे जगभर झाली. गुरूचे नाव किती घरांत ठाऊक आहे?

त्याच इंदूरच्या परंपरेतले विष्णू चिंचाळकर (१९१७-२०००). सारे त्यांना ‘गुरुजी’च म्हणत. कुमार गंधर्व, राहुल बारपुते यांच्या मैत्रीतले हे मराठी चित्रकार. व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे यांत नाव मिळवल्यावर त्यांनी वेगळीच वाट धरली. वाळक्या काटक्या, पाने, बिया, मोडक्यातोडक्या वस्तू यांतून ते आकार शोधू लागले. काटकी वाकवायची नाही, तोडायची नाही. नुसती फिरवून पाहायची आणि तिच्यातला पक्षी ओळखायचा. ‘खुलते अक्षर खिलते अंक’ या पुस्तकात त्यांनी अक्षरांतून आणि अंकांतून चित्रे काढून दाखवली. ज्याच्या घरी रंगपेटी घ्यायला पैसे नाहीत अशा मुलालाही या वर्गाचे दार उघडे होते, कारण त्याचे साहित्य झाडाखाली पडलेले होते.

आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला देवीप्रसाद आले ते शांतिनिकेतनात शिकून. १९४४ पासून १९६२ पर्यंत त्यांनी नई तालीमच्या शाळेत मुलांना कला शिकवली. त्यांना शहरात नाव करणे अवघड नव्हते. ते खेड्यातल्या मुलांत राहिले. पुढे त्या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकाला त्यांनी ‘कला : शिक्षणाचा पाया’ अशा अर्थाचे नाव दिले. चित्रकला हा तोंडी लावण्याचा विषय नव्हे, तर पायाचा दगड आहे, असे म्हणणारा माणूस अठरा वर्षे विदर्भाच्या उन्हात राहिला, हे आपण विसरू नये.

त्यांचे म्हणणे खरे की खोटे, हे प्रत्येक घरात पडताळून पाहता येते. दीड-दोन वर्षांचे मूल हाती लागेल त्याने रेघोट्या मारते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्या गोल फिरता फिरता बंद होतात आणि माणूस जन्माला येतो : एक मोठे डोके आणि त्यालाच फुटलेले दोन पाय. पोट नाही, मान नाही. पुढे मूल एसटी काढते तेव्हा तिच्या पत्र्यातून आतले प्रवासी दिसतात, मांजर काढते तेव्हा तिने खाल्लेला मासा पोटात दिसतो. आई सगळ्यांत मोठी असते, घरापेक्षाही. या चुका नव्हेत. मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही, त्याला जे ठाऊक आहे आणि जे महत्त्वाचे वाटते ते काढते. जगभरच्या मुलांची चित्रे थोड्याफार फरकाने याच पायऱ्या चढतात.

नऊ-दहा वर्षांच्या सुमारास त्याला वाटू लागते, की आपले चित्र ‘खऱ्यासारखे’ दिसत नाही. हीच नाजूक वेळ. इथे ‘हे काय काढलेस? घोडा असा असतो होय?’ असे कोणी म्हटले, की ते मूल कुंचला ठेवते तो कायमचाच. आपल्यातले निम्मे लोक ‘मला चित्रकला येत नाही’ असे सांगतात, ते त्या वयातले कोणाचे तरी वाक्य अजून उराशी धरून. गावच्या चित्रकाराची खरी गरज इथे असते. तो घोडा काढून देत नाही. तो मुलाला टांग्याच्या अड्ड्यावर किंवा गुरांच्या बाजारात नेतो आणि ‘त्याचा गुडघा कुठे वळतो ते बघ’ म्हणतो.

शाळेत मात्र याची उलटी गत आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना दरवर्षी राज्यभरातून लाखो मुले बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ही शिस्त वाईट नाही; अनेकांचा हात तिनेच घडवला. पण दहावीला वाढीव गुण मिळू लागले आणि कित्येक घरांत रंग गुणांसाठी आणले जाऊ लागले. ‘ए’ श्रेणी मिळाली, गुण पदरात पडले, की रंगपेटी माळ्यावर. दुसरीकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर कलेसाठी निदेशक सांगितला, पण तो अंशकालीन. पायाचा दगड अर्धवेळ झाला! चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकणारे मुख्याध्यापक आणि त्याबद्दल आनंद मानणारे पालक, दोघेही याला हातभार लावतात.

करायचे तरी काय? फार मोठे काही नाही. वाचनालयाने किंवा नगरपालिकेने रविवारी सकाळी दोन तास एक खोली मुलांसाठी द्यावी, आणि शिकवणाऱ्याला मानधन द्यावे, शाल नव्हे. गणेश मंडळांनी मांडवाच्या खर्चात चित्रकाराचे नाव लिहावे, इतरांसारखेच आकड्यासह. गावात प्रदर्शन भरले तर अभिप्रायाच्या वहीत सही करून न थांबता ऐपत असलेल्याने एखादे छोटे चित्र विकत घ्यावे. दिवाणखान्यात छापील धबधबा लावण्याऐवजी आपल्याच वेशीवरचा पार टांगायला काय हरकत आहे?

घरात तर याहून सोपे काम आहे. मुलाने चित्र पुढे केले की ‘हे काय आहे?’ असे विचारू नये. ‘यात काय चालले आहे ते सांग’ असे म्हणावे आणि गप्प बसावे. मूल बोलू लागते. पेन्सिल हातात घेऊन त्याचा घोडा दुरुस्त करण्याचा मोह मात्र आवरावा. गावच्या चित्रकाराने वर्षानुवर्षे कमावलेली विद्या मुख्यतः तीच आहे. त्याचा हात तयार असतो, पण मुलाच्या कागदावर तो कधी पडत नाही.