फोसाला शत्रू ठरवू नका

मादागास्करच्या लेमूरांवर सारे जग लट्टू आहे. त्याच जंगलात त्यांची शिकार करणारा फोसा मात्र कोंबडीचोर म्हणून मारला जातो. लेमूर वाचवायचे असतील, तर फोसाही तितक्याच आस्थेने वाचवला पाहिजे. तपकिरी, सडपातळ, दहा किलोही न भरणारा हा प्राणी. शेपूट जवळजवळ धडाएवढे लांब. मागचे घोटे उलटे वळत असल्याने तो उभ्या खोडावरून डोके खाली करून झपाझप उतरतो. दिसतो मांजरासारखा, पण जवळचे नाते मुंगसाशी. बेटावरचे सगळे मूळचे मांसाहारी सस्तन प्राणी सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेतून समुद्रापार आलेल्या एकाच पूर्वजाचे वंशज आहेत, हे २००३च्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. गांडुळांवर जगणारा, शेपटीत चरबी साठवणारा फालानूक याच कुळातला. फोसा गेला, तर त्याची जागा घेणारा जगात दुसरा कोणी नाही.

लेमूरच संकटात असताना त्यांना खाणारा कशाला जपायचा, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, रोख चुकीचा आहे. फोसा आणि लेमूर लाखो वर्षे एकत्र नांदले. लेमूरांवर गदा आली ती झाडे तोडून-जाळून केलेल्या शेतीमुळे, कोळशाच्या भट्ट्यांमुळे आणि माणसाच्या शिकारीमुळे. १९५३ ते २०१४ या काळात बेटाने ४४ टक्के नैसर्गिक जंगल गमावले. जंगलाच्या लहानशा तुकड्यात अडकलेल्या लेमूरांच्या टोळीचे फोसा मोठे नुकसान करू शकतो, हे खरे; पण तिथे लेमूरांना पळायला जागा उरलेली नसते आणि फोसालाही दुसरे भक्ष्य शोधायला रान उरलेले नसते. अशा ठिकाणी फोसा मारून जंगल जोडले जात नाही.

गावकऱ्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. चार कोंबड्या हीच ज्या घराची शिल्लक, त्याला जैवविविधतेचे धडे देणे अन्यायाचे आहे. शिवाय कोंबड्यांवर डोळा ठेवणारा फोसा एकटा नाही. माणसाने तिथे नेलेली कुत्री आहेत, आपल्या सह्याद्रीतही आढळणारे लहान जवादी मांजरही आहे. भटकी कुत्री तर जंगलात शिरून शिकार करतात आणि रोगही नेतात. म्हणून लेमूरांच्या नावाने जमणाऱ्या पैशातला एक वाटा जंगलाकाठच्या गावांत रात्री बंद होणारी भक्कम खुराडी बांधण्यासाठी आणि कुत्र्यांच्या लसीकरणासाठी राखून ठेवावा. तो खर्च त्या घरांवर टाकू नये.