शिवपुरमचा नटराज शिवपुरमला द्या

मोठ्या शहरातलं कलासंग्रहालय समाजासाठी असतं, असं त्याचे चालक उठता-बसता सांगतात. शाळांच्या सहली, व्याख्यानं, मोफत प्रवेशाचे दिवस, सगळं समाजासाठी. कोणत्या समाजासाठी? मी हे तमिळनाडूतल्या तिरुनागेश्वरम्‌मधून विचारतो आहे. इथल्या देवळातल्या राहूच्या अंगावरून ओघळणारं दूध निळं होतं, या श्रद्धेपोटी इथे महाराष्ट्रातूनही भाविक येतात. जवळच शिवपुरम नावाचं गाव आहे. तिथे मात्र कोणी वळत नाही, आणि मोठा दरोडा तिथेच पडला.

चोळांच्या काळातला तिथला नटराज १९५१ मध्ये जमिनीतून निघाला. दुरुस्तीसाठी स्थपतीकडे, म्हणजे मूर्तिकाराकडे, दिला आणि देवळात परत आली ती नक्कल. गावाने कित्येक वर्षं त्या नकलेला अभिषेक घातला, हार घातले, तिच्यापुढे नवस बोलले. देवळातली मूर्ती खोटी आहे हे गावाला आपल्या पोलिसांनी सांगितलं नाही, पुरातत्त्व खात्याने सांगितलं नाही. ते उघड झालं ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांच्या १९६५ च्या पुस्तकातून. अस्सल नटराज तोवर मुंबईच्या एका संग्राहकाकडे पोचला होता. होय, आपल्या मुंबईत! तिथून न्यूयॉर्क, आणि मग नऊ लाख डॉलर मोजणारे अमेरिकी संग्राहक नॉर्टन सायमन. पासाडेना शहराचं कलासंग्रहालय आज याच गृहस्थांच्या नावाने चालतं. भारत सरकार कोर्टात गेलं. १९७६ मध्ये तडजोड झाली ती अशी, की दहा वर्षं देव त्यांच्याकडेच राहील, मग परत मिळेल. चोरीचा माल सापडल्यावर तो आणखी दहा वर्षं वापरायची मुभा कुठल्या गरीब माणसाला मिळते?

यातून कोणी धडा घेतला म्हणावं, तर २००८ मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने पन्नास लाख अमेरिकी डॉलरना तमिळनाडूतल्याच श्रीपुरंदन गावच्या देवळातून चोरीला गेलेला नटराज विकत घेतला. विकणारा न्यूयॉर्कचा मूर्तिविक्रेता सुभाष कपूर. मूर्ती फार पूर्वीच भारताबाहेर गेल्याचे कागद त्याने दाखवले आणि मोठमोठ्या तज्ज्ञांनी ते मान्य केले. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेत त्याच मूर्तीचे देवळात काढलेले, १९९० च्या दशकातले फोटो होते. एक पत्र टाकलं असतं तर खोटेपणा कळला असता. विचारलं नाही, कारण उत्तर नको होतं. २०१४ मध्ये ती मूर्ती परत करावी लागली. मूर्तिचोरीबद्दल कपूरला २०२२ मध्ये शिक्षा झाली ती इथे कुंभकोणमच्या कोर्टात.

या मूर्तींची पीठं नीट बघा. त्यांना भोकं किंवा कड्या असतात, पालखीचे दांडे अडकवायला. देव उत्सवात रस्त्यावर यावा, ज्याला गाभाऱ्याची पायरी चढता येत नाही त्याच्याही दारात यावा, म्हणून ओतणाऱ्याने ती सोय केलेली असते. कित्येकांचे नाकडोळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभिषेकाने झिजून गुळगुळीत झालेले असतात. काचेआड उजेडाच्या झोतात त्या झिजेला सौंदर्य म्हणतात. ती झीज ज्या हातांनी केली, त्या हातांचं नाव पाटीवर नसतं.

आणि आपलं सरकार? १९८६ मध्ये शिवपुरमचा नटराज मायदेशी आला आणि चेन्नईत मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरात कडीकुलपात गेला. तिरुवारूरच्या मूर्तिकेंद्रातही हजारो मूर्ती अशाच बंद आहेत. कारण सुरक्षेचं. मग गावोगावच्या देवळांना लोखंडी दारं, कॅमेरे आणि पगारी पहारेकरी द्या! देव परत आणल्याचे फोटो छापायला पैसा आहे, रात्रीच्या पहाऱ्याला नाही, हे मला मान्य नाही.

मराठी वाचकाने हात झटकू नयेत. चोरीच्या त्या मार्गावरचा एक मुक्काम मुंबई होता. आपल्या शहरातल्या संग्रहालयात कांस्यमूर्ती पाहाल तेव्हा संचालकांना लेखी विचारा: ही कोणत्या गावची, कोणी विकली, कागद कुठे आहेत? उत्तर महिन्याभरात आलं नाही, तर पुन्हा विचारा.