तोंड उघडत नाही, म्हणजे नेमके काय?

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली जे हाड सरकताना जाणवते, तो आपला जबड्याचा सांधा. डावा आणि उजवा हे दोन्ही सांधे एकाच हाडाने जोडलेले असल्यामुळे एक बिघडला की दुसऱ्यालाही त्याचा भार सोसावा लागतो. बोलणे, भाकरी चावणे, गिळणे, जांभई देणे या सर्व कामांत हे सांधे राबतात. तरीही गुडघा, कंबर, मान यांच्या मानाने त्यांची तपासणी फारच कमी होते.

परीक्षांच्या दिवसांत फिजिओथेरपीचे विद्यार्थी माझ्याकडे शंका घेऊन येतात. जबड्याचा धडा त्यांना पाठ असतो. 'तोंड उघडताना व मिटताना कट् असा आवाज येतो, मग निदान काय?' असे विचारले, की 'चकती जागेवरून सरकते व परत येते' हे उत्तर तयार असते. उत्तर बरोबरच आहे. पण परीक्षेत लक्षणे प्रश्नातच छापून येतात, दवाखान्यात ती शोधावी लागतात. आपल्याकडचा रुग्ण एवढेच सांगतो, 'डॉक्टर, तोंड उघडत नाही.' खरी परीक्षा तिथून सुरू होते.

तोंड न उघडण्याची कारणे अनेक आहेत. पहिले, सांध्यातील चकती अडकणे. अशा रुग्णाचा जबडा पूर्वी वाजत असतो. एके दिवशी आवाज बंद होतो आणि तोंडही अडते. उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूला झुकते. दुसरे, चावण्याच्या स्नायूंचा ताण. झोपेत दात खाणारे, चिंतेने दात आवळणारे लोक सकाळी गाल व कानशिले दुखतात असे सांगतात. तिसरे, अक्कलदाढेचा संसर्ग.

चौथे कारण आपल्या भागात विसरून चालणार नाही. ते म्हणजे सुपारी आणि गुटखा. यात गालाच्या आतले अस्तर पांढुरके व कडक होते, तिखट झोंबते, आणि तोंड महिनोन्‌महिने हळूहळू आवळत जाते. भारतात १९५३ साली डॉ. एस. जी. जोशी यांनी या विकाराचे वर्णन करून त्याला 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव दिले. यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात स्पष्ट केले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी काही खिशातून गेलेली नाही. अशा रुग्णाचा सांधा निर्दोष असतो. गालाच्या आत न पाहता त्याला नुसता शेक देत राहिलो, तर मोलाचे महिने वाया जातात.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की जबड्याच्या निदानात रोगांची नावे पाठ असण्यापेक्षा तपासणीचा क्रम हाताला बसलेला असणे महत्त्वाचे आहे. आधी विचारा: कधीपासून, अचानक की हळूहळू, सुपारी-तंबाखूची सवय आहे का? मग बॅटरीच्या उजेडात तोंडात पाहा. साध्या फूटपट्टीने वरच्या व खालच्या दातांमधले अंतर मोजा. मोठ्या माणसात ते साधारण ४० मिलिमीटर किंवा अधिक असावे. हनुवटी सरळ खाली येते की वाकडी, हे पाहा. शेवटी सांधा आणि स्नायू दाबून विचारा, 'तुमचे नेहमीचे दुखणे हेच का?' या सगळ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. साध्या एक्स-रेत चकती दिसत नाही, हेही ध्यानात असावे.

विद्यार्थ्यांनी परीक्षेपूर्वी घरातल्या व शेजारच्या दहा जणांचे जबडे मोजावेत. निरोगी जबडा हाताला ठाऊक असल्याशिवाय बिघडलेला ओळखू येत नाही. आणि परीक्षकांनी प्रात्यक्षिकात तोंडात डोकावून पाहण्याला गुण ठेवावेत. ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थी शिकत नाहीत, हा आपला सर्वांचा अनुभव आहे.

वाचकांसाठी दोन शब्द. आपलीच तीन बोटे, एकावर एक उभी धरून, समोरच्या दातांमध्ये मावतात का ते घरी पाहा. मावत नसतील तर दंतवैद्यांकडे जा. जबडा नुसता वाजतो पण दुखत नाही, तर बहुधा उपचारांची गरज नसते. दुखत असेल तर काही दिवस मऊ अन्न घ्या, शेक द्या, मोठी जांभई हाताने आवरा आणि ओठ मिटलेले असतानाही दात एकमेकांवर टेकवू नका.

मात्र दोन प्रसंगी थांबू नका. शेतात खिळा, काटा किंवा अवजार लागल्यानंतर दातखीळ बसू लागली, तर तो धनुर्वात असू शकतो. आणि चालताना छातीसोबत जबडा दुखून घाम फुटला, तर ते दुखणे हृदयाचे असू शकते. तेव्हा शेक-मालिश करत न बसता तडक रुग्णालय गाठा.