दार नसलेलं गाव आणि ओटीपी

जून महिना उजाडला की आमच्या ऑफिसात एक मेल फिरायला लागतो. विषय साधारण असा : 'आपल्या गावाकडच्या मुलांसाठी काहीतरी करूया'. मग कोणीतरी स्प्रेडशीट काढतं, त्यात प्रत्येकाने आपलं नाव आणि आकडा टाकायचा. गेली दोन वर्षं या पैशांचा हिशेब माझ्या गळ्यात आहे, कारण मी नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय), त्यातून शनिशिंगणापूरच्या बाजूचा. आणि शिंगणापूर म्हटलं की लोकांचा विश्वास लगेच बसतो. "तुमच्याकडे चोरी होत नाही ना रे?" हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून ऐकतोय. असो.

तर यंदाचा प्रस्ताव असा की तालुक्यातल्या दहावी-बारावीच्या टॉपर्सना प्रत्येकी दहा हजारांचा चेक द्यायचा. शाल, नारळ, फोटो आणि छोटासा कार्यक्रम. सगळ्यांना पसंत आहे. मला नाही. मीटिंगमध्ये पाच मिनिटांत सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर.

ज्यांनी शिंगणापूर फक्त टीव्हीवर बघितलंय त्यांच्यासाठी थोडं. नेवासे तालुक्यातलं गाव, उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा, वर छप्पर नाही, आणि घरांना दारं न बसवण्याची परंपरा. युको बँकेने २०११ साली इथे कुलूप नसलेली शाखा काढली तेव्हा देशभर बातम्या झाल्या होत्या. २०१६ मध्ये चौथऱ्यावर महिलांना प्रवेश मिळाला तेव्हा परत झाल्या. बातमीत न येणारं गाव म्हणजे शनिवार आणि शनी अमावास्येची गर्दी, तेल-नारळ-उडदाची दुकानं, आणि रस्त्यावर गाडी अडवून "साहेब, पार्किंग इकडे" म्हणत आपल्या दुकानाकडे नेणारी पोरं. त्यांना आमच्याकडे 'लटकू' म्हणतात. कारण उघड आहे, गाडीला लटकतात. कमिशनवर काम. हातात रोख पैसा, तोही त्याच दिवशी.

आता बारावी झालेल्या एखाद्या पोराच्या डोक्यात शिरून बघा. एका बाजूला गर्दीच्या दिवशी मिळणारी रोकड. दुसऱ्या बाजूला कॉलेज, बसचा पास, होस्टेल, आणि 'शिष्यवृत्ती' नावाचं काहीतरी, जे मिळालंच तर वर्ष संपताना मिळेल. इथे स्पर्धा दुसऱ्या हुशार मुलाशी नाहीच. तेलाच्या बाटलीशी आहे. आपल्या दहा हजारांच्या चेकने त्या पोराचं काय होणार? आणि तो टॉपर नसेल तर तेवढंही नाही.

बरं, पैसेच नाहीत असंही नाही. केंद्र सरकारची एनएमएमएस नावाची योजना २००८ पासून आहे. आठवीत परीक्षा, पास होऊन यादीत आलं की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. देशभरात दरवर्षी एक लाख मुलं. राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची फी-सवलत आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह भत्ता आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. म्हणजे सरकारी कागदावर आमच्या भागातली कुठलीही गरीब मुलगी आज इंजिनिअर होऊ शकते.

पण त्यासाठी काय काय लागतं? उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आधारला जोडलेलं खातं, आधारला जोडलेला मोबाइल. आणि तो मोबाइल नेमका वडिलांकडे असतो, वडील उसाच्या रानात असतात, आणि ओटीपी दहा मिनिटांत मरतो. ज्या गावात घराला कडी-कोयंडा नाही, तिथल्या पोरीला स्वतःच्या हक्काच्या पैशापर्यंत पोचायला किती कुलपं उघडावी लागतात बघा. माझ्या चुलत बहिणीचा फॉर्म 'सेंड बॅक' होऊन आला तेव्हा कारण काय, तर दाखल्याचा स्कॅन पुसट. मी पुण्यात बसून तो परत अपलोड केला. ज्यांचा चुलतभाऊ पुण्यात आयटीत नाही त्यांनी काय करायचं?

त्यांच्याकडे एखादे सर असतील तर काम होतं. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. शिष्यवृत्ती पैशाच्या रूपात निघते, पण मुलापर्यंत पोचते ती एखाद्या शिक्षकाच्या अंगावरून.

आमच्या गणिताच्या सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आठवीत त्यांनी वर्गातल्या अकरा जणांना एनएमएमएसला बसवलं. शाळा भरायच्या आधी, सकाळी सातला, ते बुद्धिमत्ता चाचणीचे पेपर सोडवून घ्यायचे. त्यासाठी एक रुपया कोणाकडून घेतला नाही, आणि जादा पगारही अर्थातच नव्हता. पण तो भाग सोपा म्हणायचा. अवघड भाग पुढेच होता, तो म्हणजे दाखले. सर एका शनिवारी आमच्यातल्या चार जणांच्या वडिलांना एसटीत घालून नेवाशाला तहसील कचेरीत घेऊन गेले. माझे वडील तोवर त्या कचेरीची पायरी कधी चढले नव्हते. आतल्या माणसाशी बोलायचं कसं, हाच मोठा प्रश्न. सर पुढे, हे चौघे मागे. मला तेव्हा महिना ५०० रुपये मिळायचे (आता १,००० आहेत). सायकल आणि वह्यापुस्तकं त्यातून झाली. पण त्या पैशाने झालेलं मोठं काम वेगळंच. दहावीनंतर मला दुकानावर बसवायचा विषय घरात निघाला तेव्हा वडील म्हणाले, "सरकार पैसे देतंय म्हंजे पोरात काहीतरी असंल."

पाचशे रुपयांच्या मागे एका शिक्षकाचं मत उभं होतं, म्हणून ते वडिलांना मोठे वाटले.

ही काही आमच्या गावची खासियत नाही. जरा मागे जाऊन बघू. १९०७ साली बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबात अडतीस टक्केही नाहीत. (तेव्हाचे आकडे एकूणच कमी असायचे हे खरं, पण गुणवत्ता यादीत येण्यासारखे हे गुण तेव्हाही नव्हते.) त्या काळी मुंबईत मॅट्रिकची सगळ्यात मानाची शिष्यवृत्ती म्हणजे संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. उत्तम शिष्यवृत्ती, योग्य माणूस, काहीच वाद नाही. पण आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊच दिलं नव्हतं. त्यांना फारसी घ्यावी लागली. म्हणजे निकष स्वच्छ, परीक्षा स्वच्छ, आणि एक मुलगा परीक्षेच्या आधीच बाहेर.

त्याला आत आणलं ते कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी. हे आंबेडकरांच्या शाळेतले शिक्षकही नव्हते, विल्सन हायस्कुलात शिकवायचे. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसला, आणि त्यांनी चौकशी केली. पुढे त्याला पुस्तकं दिली, स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. आणि कॉलेजचा खर्च वडिलांना झेपेना तेव्हा त्याला घेऊन सयाजीराव गायकवाड महाराजांकडे गेले. महाराजांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि महिना २५ रुपये लावून दिले. पुढे १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षं, ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पैसे महाराजांचे होते यात शंका नाही, आणि ते देण्याची बुद्धी त्या काळात फार थोड्या राजांना होती. पण बागेतल्या बाकावरून महाराजांसमोर नेणारा माणूस मध्ये नसता तर महाराजांना कळणार कसं?

दुसरं उदाहरण टॉपरचंच घेतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की मी हुशार मुलांच्या विरोधात आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, वडील लवकर गेले, आई मोलमजुरी करून वाढवत होती. गिरगावच्या युनियन हायस्कुलात भावे सरांनी एकदा मुलांना उन्हात नेऊन भिंगाने कागद जाळून दाखवला, आणि किरण एका बिंदूवर आणले की काय होतं ते समजावलं. माशेलकर आजवर किती भाषणांत हा प्रसंग सांगत आलेत त्याला मोजदाद नाही. १९६० साली ते एसएससीला राज्याच्या गुणवत्ता यादीत आले, आणि तरीही शिक्षण थांबवून नोकरी धरायच्या बेतात होते. यादीत येऊनही! मग सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुढे शिकले. पुढे सीएसआयआरचे महासंचालक, हळदीच्या अमेरिकन पेटंटविरुद्धची लढाई, हे सगळं आपल्याला माहीत आहे.

दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे आणि आमच्या स्प्रेडशीटमध्ये नेमकी तीच नाही. २५ रुपये काय आणि ६० रुपये काय, ते 'महिना' होते. सत्काराचे एकरकमी पैसे घरात येतात आणि त्यातून आधी कोणाची तरी उधारी फिटते. त्यात चूक काहीच नाही, आम्हीही तेच केलं असतं. पण पुढच्या महिन्याच्या पाच तारखेलाही पैसे येणार हे माहीत असलं की पोरगं शुक्रवारी दुकानदाराला "उद्या नाही जमणार" म्हणू शकतं.

आता माझ्या मित्रांचे आक्षेप, आणि ते फालतू नाहीत. एक म्हणजे, शिक्षकाच्या हातात निवड दिली की वशिला आला. सरांचा लाडका, सरांच्या भावकीतला, सरांच्या जातीतला. खरं आहे. आंबेडकरांना संस्कृत नाकारणारेही शिक्षकच होते की! आणि संस्थांनी मुलांच्या नावावर शिष्यवृत्त्या परस्पर उचलल्याचे प्रकार याच राज्यात उघडकीला आलेत. पैसा थेट मुलाच्या खात्यात जाणारी ऑनलाइन पद्धत उगाच नाही आली. मी कोड लिहून पोट भरतो, मला पोर्टल नकोसं कसं होईल? पोर्टल राहू दे. सरकारच्या लाखो अर्जांना तेच हवं. पण आपल्याकडे मुलं किती, तर दहा-बारा. दहा-बारा मुलांसाठीही आपण पोर्टलसारखंच वागायचं, टक्क्यांचा कॉलम सॉर्ट करायचा आणि वरचे दहा उचलायचे, याला आळस म्हणतात. 'स्केल होणार नाही' हे वाक्य ऑफिसात ठीक आहे.

दुसरा आक्षेप, शिक्षकांना वेळ कुठे आहे? हाही खराच. निवडणूक, सर्वेक्षण, रोजच्या ऑनलाइन माहित्या, वरून तासिका तत्त्वावर अर्ध्या पगारात राबणारे वेगळेच. म्हणून तर मी म्हणतो की पैशाचा एक वाटा शिक्षकाच्या या कामावर जाऊ दे. पेट्रोल, सायबर कॅफेचं बिल, नेवाशाच्या खेपा. शाल-नारळापेक्षा याचा उपयोग जास्त.

माझा प्रस्ताव म्हणाल तर, वेगवेगळ्या शाळांतल्या तीन शिक्षकांना चार-चार नावं विचारायची, त्यातलं एक नाव स्वतःच्या वर्गाबाहेरचं हवं (केळुसकर गुरुजींची अट म्हणा हवं तर). टक्के विचारायचे नाहीत, पास असलं की बस. महिना पंधराशे, अकरावीपासून दोन वर्षं. आणि शाळा बदलून कॉलेजात जाताना एनएमएमएसचं नूतनीकरण राहून जातं, त्याच्यावर आपल्यातल्या कोणीतरी लक्ष ठेवायचं. दहावीला ६० टक्के मिळवूनही निव्वळ नव्या कॉलेजने वेळेत पडताळणी केली नाही म्हणून दोन वर्षांचे २४,००० जाणं यासारखा संताप नाही.

हे सगळं ठरवायच्या आधी सरांना फोन केला. म्हटलं, सर, पैसे जमतील, निवडीला तुम्ही बसाल का? त्यांनी रक्कम विचारलीच नाही. म्हणाले, "पैशाचं बघू रे. ती साइट दिवसा लटकते, रात्री अकरानंतर बरी चालते. तेव्हा तुमच्यातलं कोण जागं असतं?"

म्हटलं, सर, आम्ही सगळेच.

दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर चार नावं आणि नंबर आले. त्यातल्या दोघांकडे उत्पन्नाचा दाखला अजून नाही.