केरी आठवतो, वैजनाथ का नाही?

मिशनऱ्यांचे नाव निघताच आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. हुगळीकाठच्या श्रीरामपुरातील बाप्टिस्ट मंडळींनी धर्मांतराचा हेतू कधी लपविला नाही. त्याला आपला विरोध असणे स्वाभाविकच आहे. परंतु विरोध म्हणजे अभ्यास नव्हे. विल्यम केरी १७९३ साली बंगालात उतरला. पहिल्या बंगाली गृहस्थाने, कृष्ण पाल याने, बाप्तिस्मा घेण्यास १८०० चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात केरी नेटाने आपल्या भाषा शिकत होता. पुढे १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण निघाले, १८१० मध्ये मराठी कोश. ज्या छापखान्यात बायबल छापले, तेथूनच १८०६ मध्ये वाल्मीकिरामायणाचा पहिला खंडही बाहेर पडला.

हे सारे एकट्या साहेबाचे कर्तृत्व काय? फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ यांचे साहाय्य केरीने व्याकरणाच्या प्रस्तावनेत कृतज्ञतेने नमूद केले आहे. परधर्मीयाने ऋण मान्य केले. स्वकीयांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

परक्याच्या नावाने बोटे मोडून हे ऋण फिटणार नाही. आपल्या देवस्थानांतून तांबड्या फडक्यांत बांधलेल्या पोथ्या कसरीच्या तोंडी पडल्या आहेत. त्या सोडा, त्यांची यादी करा, लेखनिकांची नावे टिपून ठेवा. एवढेही न करणाऱ्यास मिशनऱ्यांची निंदा करण्याचा अधिकार कोणी दिला?