नातीची नोकरी आणि आपले छप्पर

रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून झाल्या, तरी पुष्कळ आजी-आजोबा खुर्चीवरून उठत नाहीत. मनातला प्रश्न अजून बाकी असतो. अलीकडे वरचेवर येणारा प्रश्न असा : “नात हुशार आहे, पण शहराच्या पर्यावरणाचे, वस्तीवस्तीत जाऊन करायचे काम करणार म्हणते. डॉक्टर, ही काय नोकरी झाली?”

वाचकहो, ही नोकरी आहे, आणि तिचा सर्वांत निकटचा संबंध आपल्या वयाच्या माणसांशी आहे.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची भीषण लाट आली. त्या एका महिन्यात तेथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासांती दिसून आले. ऊन असे गाजावाजा न करता माणसे नेते. दाखल्यावर बहुधा हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार लिहिला जातो. २०१३ मध्ये तेथील महानगरपालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेसह उष्णतेचा कृती आराखडा तयार केला. आगाऊ इशारे, दवाखान्यातील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, लोकांपर्यंत माहिती, असे त्याचे स्वरूप होते. पुढे नागपूरसह इतर शहरांनीही ती वाट धरली.

पारा किती चढेल हे वेधशाळा सांगते. परंतु कोणत्या गल्लीत, पत्र्याच्या कोणत्या खोलीत एखादी वृद्धा दुपारभर एकटी असते, हे कोण सांगणार? त्यासाठी दारोदार जाऊन, उंबऱ्यावर बसून विचारावे लागते. अहमदाबादच्या वस्त्यांमध्ये महिला हाउसिंग ट्रस्टने तेथल्याच स्त्रियांना बरोबर घेऊन हे काम केले. उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग छपरांना दिला आणि खाली राहणाऱ्यांचा ताप काहीसा हलका केला. आपली नात म्हणते ते काम हेच.

उतारवयात तहान उशिरा जाणवते, घाम कमी येतो. लघवी वाढविणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे उन्हाळ्यात अशक्तपणा व भोवळ येऊ शकते. (म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत; डॉक्टरांना विचारावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाणी किती प्यावे, हेही विचारावे.) दिवसभर तापलेली गच्ची रात्री उष्णता सोडते, शरीराला विसावा मिळत नाही. यावर माझ्याकडे औषध नाही. ते छपरात, झाडात आणि सावलीच्या पदपथात आहे, आणि या गोष्टी माझ्या चिठ्ठीवर मिळत नाहीत.

आता पोटापाण्याचे. नगरनियोजन, वास्तुरचना, पर्यावरणशास्त्र, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य, यांपैकी कोणत्याही वाटेने या क्षेत्रात शिरता येते. अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था ही त्यातली नावाजलेली ठिकाणे. काम महापालिकांत, स्वयंसेवी संस्थांत, सल्लागार कंपन्यांत मिळते. मात्र आरंभी बरीच कामे कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की दुसरा शोधावा लागतो. वेतन संगणक क्षेत्राच्या तोडीचे क्वचितच. हे घरात स्पष्ट बोलावे, पण ‘समाजसेवा म्हणजे भिकेचे डोहाळे’ असे ऐकवून मुलीचे तोंड बंद करू नये.

माझ्या मते या कामात पदवीइतकेच महत्त्व ऐकण्याच्या सवयीला आहे. ती सवय नातीला आपल्याच घरी लागू शकते. तिला विचारू द्या : आजी, दुपारी कोणत्या खोलीत बसवत नाही? बाजारात जाताना कुठे टेकावेसे वाटते? उत्तरे तिने लिहून घ्यावीत. पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातील कामे सुचविता येतात. बाक, पदपथ यांसारखी मागणी करण्यास आपले वय आड येत नाही. इतर गावी नगरसेवकाला किंवा प्रभाग कार्यालयाला लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी.

एक काम दोघांनी मिळून करावे. खोलीचे तापमान दाखविणारा साधा तापमापक आपल्या पलंगाजवळ टांगावा. एप्रिलचे पंधरा दिवस दुपारी तीनला आणि रात्री दहाला आकडा वहीत टिपावा. शेजारी झोप कशी लागली, भोवळ आली का, हेही लिहावे. पुढच्या तपासणीला ती वही घेऊन या. गोळ्यांची मात्रा ठरविताना मला तिचा उपयोग होईल, आणि गच्चीला पांढरा रंग द्यावा की नाही, हे सोसायटीच्या सभेत मांडताना नातीला.