ताळेबंदातला मृतसाठा

पावसाळा लागला की आपल्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, ‘येलदरी किती टक्के?’ पूर्णा नदीवरच्या या धरणावर परभणी, हिंगोली, नांदेडची शेती अवलंबून असल्यामुळे आकड्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. आणि आपल्याकडे पक्कं ठाऊक असतं, की धरणात दिसतं ते सगळं पाणी आपलं नाही. येलदरीची एकूण क्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर. त्यातलं जवळपास १२५ मृतसाठा. बातमीत ‘शून्य टक्के’ छापून येतं, तेव्हाही तेवढं पाणी धरणात असू शकतं. ते दिसतं, मोजता येतं, पण कालव्याला सुटत नाही.

धरणाबद्दल आपण इतके हुशार. मग घरातले पैसे पतसंस्थेत ठेवताना हाच प्रश्न का विचारत नाही? तिथे आपण फक्त विचारतो, ‘व्याज किती?’

ज्ञानराधात काय झालं?

बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्था हे मराठवाड्यातलं ताजं आणि दुखरं उदाहरण. ऑक्टोबर २०२३ मध्ये संस्थेशी संबंधित कुटे ग्रुपवर आयकर विभागाचे छापे पडले. ठेवी काढायला गर्दी उसळली आणि पैसे मिळेनासे झाले. जून २०२४ मध्ये अध्यक्ष सुरेश कुटे यांना अटक झाली. पुढे ईडीनेही तपास हाती घेतला. ईडीच्या म्हणण्यानुसार ठेवीदारांना १२ ते १४ टक्के व्याजाचं आमिष होतं, आणि ठेवींतले २,३०० कोटींहून जास्त रुपये पुरेशा तारणाशिवाय ‘कर्ज’ म्हणून कुटे ग्रुपच्याच कंपन्यांकडे वळवले गेले. हे आरोप अजून न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण मुलीच्या लग्नाचे, पोराच्या फीचे, निवृत्तीचे पैसे अडकले, हे वास्तव आहे.

यातला ‘कर्ज’ हा शब्द नीट बघा. तुमची ठेव ही संस्थेच्या ताळेबंदात ‘देणं’ असते, कारण ती तुम्हाला परत द्यायची असते. त्याच पैशातून दिलेलं कर्ज मात्र ‘मालमत्ता’ म्हणून दिसतं, कारण ते वसूल होणार असं गृहीत धरलेलं असतं. कर्ज कोणाला दिलंय आणि ते परत येणार का, यावर ती मालमत्ता जिवंत साठा की मृतसाठा हे ठरतं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

नफा आणि खिशातला पैसा

आर्थिक पत्रकं म्हटलं की कॉमर्सवाले सोडून सगळे पळतात. खरं तर मामला सोपा आहे. ताळेबंद म्हणजे ३१ मार्चला धरणात किती साठा होता, त्याचा फोटो. नफा-तोटा पत्रक म्हणजे वर्षभराची आवक-जावक. आणि रोख प्रवाह पत्रक म्हणजे प्रत्यक्षात किती पैसा आला आणि गेला.

समजा, जिंतूर तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्राने जूनमध्ये १० लाखांचं बी-बियाणं आणि खत विकलं. मालाची खरेदी साडेआठ लाखांची. कागदावर दीड लाखाचा नफा. पण त्यातले सहा लाख उधारीवर आहेत आणि ते सोयाबीन विकलं गेल्यावर येणार. दुकानदाराच्या हातात चारच लाख आहेत आणि कंपनीला साडेआठ लाख द्यायचेत! नफा खोटा नाही, पण पैसाही नाही. पाऊस दगा देऊन गेला, तर त्या सहा लाखांतले काही कायमचे बुडणार. पतसंस्थेचंही तसंच. फरक एवढाच, की तिथे उधारी तुमच्या ठेवीतून दिलेली असते.

पण आकडेच खोटे असले तर?

मुंबईच्या पीएमसी बँकेने मार्च २०१९ च्या ताळेबंदात सुमारे १०० कोटींचा नफा आणि चार टक्क्यांहून कमी बुडीत कर्जं दाखवली होती. सहा महिन्यांत, २३ सप्टेंबर २०१९ ला, रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला दिलेलं ६,५०० कोटींहून जास्त कर्ज हजारो बोगस खात्यांआड लपवलं होतं. बँकेचं एकूण कर्जवाटप होतं सुमारे ८,४०० कोटी.

म्हणजे ताळेबंद वाचूनही फसवणूक होऊ शकते. खोटे आकडे पकडणं हे लेखापरीक्षकाचं आणि नियामकाचं काम आहे, ठेवीदाराचं नाही. म्हणूनच फसलेल्यांना ‘हावरट’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पण काही प्रश्न आपल्या हातात आहेत.

पहिला, एवढं व्याज येतं कुठून? ठेवीवर १४ टक्के द्यायचे तर कर्ज १६-१७ टक्क्यांनी द्यावं लागेल. बँकेत स्वस्त कर्ज मिळत असताना एवढ्या महागात कोण घेतंय? दुसरा, कर्ज मोजक्याच लोकांकडे किंवा संचालकांच्याच कंपन्यांकडे तर नाही ना? तिसरा, थकबाकी किती आणि त्यासाठी तरतूद किती? चौथा, लेखापरीक्षकाने शेरे काय मारलेत? ते शेवटच्या पानांवर असतात, तिथूनच वाचायला सुरुवात करा.

आणि एक फरक पाठच करा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. मल्टिस्टेट पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेची नव्हे, तर केंद्रीय सहकार निबंधकांची देखरेख असते. पाटी चकाचक असली, एसी असला, तरी हे बदलत नाही.

पतसंस्थेच्या सभासदाला वार्षिक अहवाल मिळतो. बऱ्याच घरांत ती पुस्तिका न उघडताच रद्दीत जाते. आई-बाबांना ती भाषा अवघड वाटत असेल, पण आपण शिकलोय ना? या वेळी पुस्तिका घरी आली की अर्धा तास काढा. ठेवी किती, कर्ज किती आणि त्यातला मृतसाठा किती, एवढं त्यांना वाचून दाखवा. उत्तर सापडलं नाही तर वार्षिक सभेत उभं राहून विचारायला सांगा. सभासदाला तो हक्क आहे. येलदरीचा आकडा आपण रोज विचारतो, मग हा वर्षातून एकदा विचारायला काय हरकत आहे?